लेसोथोतलं आरोग्यकेंद्र, म्मेचं घर आणि ‘तारीख चुकलेले’ पेशंट

कोयनाकाठ

दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून माझ्या लेसोथोतल्या कामाबद्दल विचारलं, म्हणून एकदाच सगळं इथे लिहिते. मी इंग्लंडात जनआरोग्य शिकतेय. अभ्यासक्रमात एक उन्हाळा प्रत्यक्ष कामासाठी असतो. वर्गातले बरेच जण लंडन-जिनिव्हाच्या ऑफिसांत गेले, मी लेसोथोतल्या एका डोंगराळ गावच्या आरोग्यकेंद्रात गेले आणि त्याच गावात एका कुटुंबाकडे राहिले. गावाचं नाव देत नाही. पुढे पेशंटांचा विषय निघणार आहे आणि तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

आधी देश कुठे आहे ते. लेसोथो चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. क्षेत्रफळ ३०,००० चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे आपले पुणे आणि सोलापूर जिल्हे मिळून होतील तेवढं. लोकसंख्या मात्र २३ लाखांच्या आसपास. देशातली सगळ्यात सखल जागासुद्धा १४०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या बाजारपेठेपेक्षा वर. राजधानी मासेरू जवळपास कळसूबाईच्या उंचीवर. त्यामुळे मलेरिया नाही. आईने हौसेने मच्छरदाणी दिली होती, ती घडीही न मोडता परत आली. तिकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट, आणि वरच्या डोंगरांत चक्क बर्फ पडतं. घरातसुद्धा अंगात दोन स्वेटर आणि वर लोकरीचं ब्लँकेट. ब्लँकेट ही तिथे पांघरायची नाही, नेसायची वस्तू आहे; बाजाराला जाताना, लग्नाला, दवाखान्यात, सगळीकडे.

केंद्रात डॉक्टर नाही. बाळंतपणं, लसी, टीबी, एचआयव्ही, पोरांची वजनं, घोड्यावरून पडलेल्यांच्या जखमा, सगळं नर्स बघतात. डॉक्टर ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून येतो, तेही रस्ता चालू असला तर. सकाळी बाकं भरली की आधी प्रार्थना, मग सगळे मिळून एक स्तोत्र गातात (कोणी न शिकवता बायका वरचा सूर धरतात आणि पुरुष खालचा, मी पहिल्या दिवशी थक्क), मग एक नर्स उभी राहून हात धुण्यावर किंवा खोकल्यावर बोलते, आणि मग नंबर लागायला सुरुवात.

प्रत्येकाच्या हातात त्याची ‘बुकाना’. पातळ वहीएवढी पुस्तिका, तिच्यात त्या माणसाचं सगळं आजारपण. केंद्रात फाइल नसते, ही पुस्तिका पेशंटनेच सांभाळायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ब्लँकेटच्या आत छातीशी धरलेली असते. एका आजींची बुकाना चुलीच्या धुराने तपकिरी झालेली, कोपरे कुरतडलेले, मधली पानं दोऱ्याने शिवलेली. नर्सने पानं उलटत उलटत आधीच्या चार नर्सांची अक्षरं लावली आणि २००९ साली दिलेल्या कुठल्याशा गोळीचं पित्त उठलं होतं हे शोधून काढलं.

आता आकडा सांगावाच लागेल: प्रौढांपैकी दर पाचांत साधारण एकाला एचआयव्ही आहे. हे वाचून डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते तिथे गेल्यावर दिसत नाही. शेतात जाणारे, दुकान चालवणारे, नातवंडं सांभाळणारे आणि दिवसाला एक गोळी घेणारे लोक दिसतात. निदान झालं की लगेच उपचार, हे धोरण लेसोथोने २०१६ मध्ये देशभर लागू केलं. टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधं एकाच गोळीत येतात. बाटलीवर बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडिया’. प्रकृती स्थिर असेल तर तीन किंवा सहा महिन्यांच्या बाटल्या एकदम देतात.

मग अडचण कुठे येते? तारखेला. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि त्या पैशांवर पगार असलेली माणसं एका फटक्यात घरी गेली. नर्स राहिल्या, समुपदेशक आणि नोंदी ठेवणारे गेले. ‘मावशी, तुमच्या गोळ्या संपत आल्या असतील’ असा फोन करणारं कोणी उरलं नाही. ते काम नर्सांच्या डोक्यावर आलं आणि साहजिकच मागे पडलं. माझ्याकडे आलं ते हेच. अपॉइंटमेंटचं रजिस्टर घ्यायचं, तारीख उलटून गेलेल्यांची यादी काढायची, वाडीवाडीप्रमाणे लावायची आणि शनिवारच्या आत गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या हाती द्यायची. सुई नाही, स्टेथोस्कोप नाही. टेबल, पट्टी, दोन रंगांचे पेन.

आणि मी राहात होते म्मेकडे. म्मे म्हणजे आई. कुठल्याही मोठ्या बाईला म्मेच म्हणतात, पुरुषाला न्ताते. माझं नाव त्यांच्या जिभेला वळेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी ‘आउसी पालेसा’ झाले (आउसी म्हणजे ताई, पालेसा म्हणजे फूल). गवताच्या छपराची गोल खोली, पाणी गावच्या नळावरून बादलीने, आंघोळ प्लॅस्टिकच्या घमेल्यात, आणि रात्री कुत्री सुटलेली असतात म्हणून खोलीतच झाकणाची बादली. चुलीला शेणाच्या गोवऱ्या. त्या थापत नाहीत, गोठ्यातला साचलेला थर वाळला की फावड्याने विटांसारख्या कापून काढतात.

रजिस्टरात लाल पेनने ‘चुकला’ लिहिलेला माणूस असतो कुठे, हे मला टेबलाशी कधीच कळलं नसतं. यादीतली एक बाई संध्याकाळी म्मेच्या अंगणात मक्याचे दाणे काढत बसली होती. सकाळीच मी तिचं नाव उतरवून घेतलं होतं. ‘दुमेला म्मे’ म्हटलं आणि मीही एक कणीस हातात घेतलं. बोलता बोलता कळलं की दिराकडे मयत झालं होतं. तिथे माती शनिवारी. आदली रात्र जागायची, आणि येणाऱ्या सगळ्या गावांचं जेवण घरच्या नि शेजारच्या बायकांनी करायचं. म्हणजे गुरुवारपासून बायका अडकलेल्या. आणि केंद्रात औषधं न्यायच्या तारखा बहुतेक गुरुवार-शुक्रवारच्या! तिने गोळ्यांचा विषय काढला नाही. मीही नाही.

हळूहळू बाकीचे उलगडत गेले. सत्तरीपुढच्यांना सरकारी पेन्शन मिळते, ती वाटायचा दिवस आला की म्हातारी माणसं तिकडच्या रांगेत. तरुण गुराखी गुरांमागे डोंगरावरच्या वाड्यांत, खाली कधी येतील त्याचा नेम नाही. कोणी सीमेपलीकडे शेतमजुरीला किंवा घरकामाला गेलेलं आणि औषधं तिकडच्याच दवाखान्यात घेणारं, त्याचं नाव इथे आपलं ‘चुकला’मध्येच. नदीला पाणी आलं, बर्फ पडलं, टॅक्सीला पैसे नव्हते, हे तर आहेच. निष्काळजी म्हणावेत असे फार थोडे.

शेवटी मी कोणाचंही नाव न घेता वारांचा एक तक्ता करून मुख्य नर्सला दिला. तिने तो पाहिला, हसली आणि म्हणाली, ‘हे आम्हाला माहीत आहे, लिहून कोणी दिलं नव्हतं.’ मी निघेपर्यंत नव्या तारखा टाकताना ती ‘कुठला वार सोयीचा?’ असं विचारायला लागली होती.

प्रश्न असतील तर विचारा. सवडीने उत्तरं देईन.

भटकी_जमात

झकास! वाखु (वाचनखूण) साठवली. फोटो टाका की.

कोयनाकाठ

डोंगरांचे टाकते. माणसांचे नाहीत. दवाखान्यात मोबाइल पिशवीतच ठेवायचा असा माझा मीच नियम केला होता.

सुगरण_सोलापूरची

खाण्याचं काय गं? तू शाकाहारी ना?

कोयनाकाठ

हो ताई, आणि उपास काही घडला नाही. रोजचं जेवण म्हणजे पापा आणि मोरोहो. पापा ही पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करून खायची. मोरोहो म्हणजे बारीक चिरून परतलेली पालेभाजी. कधी घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ. सकाळी मोतोहो, ज्वारीचं पीठ आंबवून केलेली पातळ पेज. पहिला घोट घेतला आणि म्हटलं, अगं ही तर आंबील! म्मेला सांगितलं की आमच्याकडेही करतात, तर तिचा विश्वासच बसेना. तिच्या मते भारतात फक्त भात आणि तिखट. तिखटाबद्दल तिचं बरोबर होतं. मी नेलेलं लोणचं तिने जिभेला लावलं आणि बरणी माझ्या खोलीत नेऊन ठेवली.

रविवारी कोंबडी असायची. मी नको म्हटलं तर पहिल्यांदा तिला वाटलं मी रुसले.

सुगरण_सोलापूरची

ज्वारीची आंबील आफ्रिकेत! पण त्यात नवल ते काय, ज्वारी मुळात आली तिकडूनच. ताक घालतात का?

कोयनाकाठ

ताक नाही. साखर! चमचा-दोन चमचे, आणि न्ताते तर चांगले चार.

निवृत्त_बाबू

लेखन छान आहे, पण एक शंका. (कृहघ्या, म्हणजे कृपया हलके घ्या.) इंग्लंडात फी भरायची, तिथून विमानाने आफ्रिकेत जायचं आणि रजिस्टरात रेघा मारायच्या, यापेक्षा मेळघाटात किंवा गडचिरोलीत जाऊन हेच काम केलं असतं तर देशाच्या उपयोगी पडलं असतं. आपल्याकडे काय आरोग्यकेंद्रं कमी आहेत? की परदेशी शिक्का असल्याशिवाय पदवीला वजन येत नाही?

भटकी_जमात

आला, आला. धाग्याचं आता काश्मीर होणार, नुसती भांडणं.

डॉ_रानवाट

बाबूसाहेब, मी मेळघाटात काम केलंय, म्हणून मी बोलते. तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याचा दुर्गम केंद्राला फायदा कमी आणि व्याप जास्त, हे धारणीला खरं आणि लेसोथोलाही खरं. त्याला गाव दाखवा, भाषा सांगा, आजारी पडला तर उपचार करा. हा सगळा वेळ त्या दोन-तीन नर्सांचाच जातो. म्हणून मला या धाग्यातलं रजिस्टर आवडलं. जे काम पडून आहे आणि चुकलं तरी कोणाचा जीव जाणार नाही, ते विद्यार्थ्याला द्यावं. मी याच्या उलटही पाहिलंय. परदेशातून आलेली दुसऱ्या वर्षाची मुलं, त्यांच्या देशात ज्यांना टाके घालू देणार नाहीत, ती आपल्याकडे येऊन ‘अनुभव’ म्हणून प्रसूती करायला मागतात. आणि गोऱ्या पाहुण्याला नाही म्हणायचा संकोच आपल्याच माणसांना.

गडचिरोलीचं म्हणाल, तर गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरीच घेता येते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथेच दाखवलं. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि नंतर बाहेरच्या देशांनीही त्यावरून कामं उभी केली. म्हणजे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे चालतच असतं, विमानाचं तिकीट काढल्याने देशद्रोह होत नाही.

कोयनाकाठ, तिथे गरोदर बायकांसाठी केंद्राजवळ राहायची सोय होती का?

कोयनाकाठ

होती! केंद्राच्या आवारातच एक घर आहे. लांबच्या वाड्यांतल्या बायका दिवस भरत आले की तिथे येऊन राहतात. पिठाची पिशवी, भांडी, ब्लँकेट घेऊन. दिवसभर उन्हाला बसून विणकाम आणि गप्पा. डोंगरात रात्री कळा सुरू झाल्या तर घोड्यावरून आणणार कसं, म्हणून ही व्यवस्था.

डॉ_रानवाट

अगदी आपलं ‘माहेरघर’. आपल्याकडे आदिवासी तालुक्यांत ही योजना आहे, पण बायका यायला तयार होत नाहीत, कारण घरी बाकीची पोरं आणि कोंबड्या कोण बघणार. तिकडे येतात?

कोयनाकाठ

सगळ्या नाही. ज्यांची सासू किंवा आई घरी आहे त्या येतात. तिथे पुष्कळ घरांत आजी हाच आधार. मुलंबाळं तिच्यावर सोपवून मधली पिढी मासेरूच्या कपड्यांच्या कारखान्यांत नाहीतर दक्षिण आफ्रिकेत.

बाबूकाका, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडून उत्तर: विद्यापीठाने ज्या जागा दिल्या त्यांत महाराष्ट्र नव्हता. असता तर अर्ज केला असता का? खरं सांगायचं तर बहुधा नाही. मला घरापासून लांब जायचं होतं.

निवृत्त_बाबू

प्रामाणिक उत्तर. पण ते कपड्यांचे कारखाने म्हणजे अमेरिकेला जीन्स पुरवणारेच ना? ट्रम्पसाहेबांनी २०२५च्या एप्रिलमध्ये ५० टक्के कर जाहीर केला होता तो याच देशावर. नंतर १५वर आणला. ‘ज्याचं नाव कोणी ऐकलं नाही असा देश’ असंही म्हणाले होते संसदेत. आम्ही मात्र ऐकलंय आता.

औषधवाला

‘मेड इन इंडिया’ वाचून छाती जरा फुगली. थोडा इतिहास: २००० सालाच्या सुमारास एचआयव्हीच्या तेव्हाच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा-पंधरा हजार डॉलर होता. २००१च्या फेब्रुवारीत ‘सिप्ला’च्या युसुफ हमीद यांनी तशी तीन औषधं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. दिवसाला एक डॉलरही नाही. त्यानंतर भाव जे पडले ते पडतच गेले. तेव्हा आपला पेटंट कायदा औषधाच्या रेणूला पेटंट देत नसे, फक्त बनवायच्या पद्धतीला देत असे, म्हणून हे जमलं. २००५ पासून कायदा बदलला.

आता नवं औषध आलंय, लेनाकॅपाविर. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन. ‘डॉ. रेड्डीज’ आणि ‘हेटरो’ यांनी २०२७ पासून गरीब देशांना ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये द्यायचं जाहीर केलंय. रोजच्या गोळीची तारीख सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

डॉ_रानवाट

सोपं, पण सहा महिन्यांनी का होईना, तारीख आहेच. :)

गिरणगावकर

न्तातेंबद्दल काहीच लिहिलं नाही. म्मेचे यजमान का?

कोयनाकाठ

म्मेचे वडील. मी त्यांनाही न्तातेच म्हणायचे. ते दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत होते. एके काळी लेसोथोतल्या घराघरांतून पुरुष खाणीत जायचे. भरती करणाऱ्या ‘टेबा’चं नाव तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सारखं येतं. वर्षाच्या कराराने जायचं, पैसे घरी पाठवायचे, मधूनमधून यायचं. खोल खाणीतली सिलिकाची धूळ छातीत बसते, फुफ्फुस कडक होतं आणि अशा फुफ्फुसात टीबी पटकन घर करतो. बराकींत दाटीवाटीने राहणं आणि वर एचआयव्ही. लेसोथोत टीबीचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त देशांपैकी का आहे, त्याचं निम्मं उत्तर या खाणींत आहे.

त्यांचा टीबी बरा झालाय, दम मात्र गेलेला. नळावरून अंगणापर्यंत येताना मध्ये एक दगड आहे, त्यावर बसायचेच. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने खाण कंपन्या आणि कामगारांमधल्या तडजोडीला मान्यता दिली, त्यातून ‘त्शियामिसो ट्रस्ट’ निघाला. नुकसानभरपाई लेसोथोतल्या कामगारांनाही मिळते. न्तातेंनी अर्ज केलाय. कागद एका बिस्किटाच्या डब्यात, आणि तो डबा मला कितीतरी वेळा उघडून दाखवलाय. एक्सरे, खाणीचं ओळखपत्र, पासबुक, सगळं ओळीने.

गिरणगावकर

माझे आजोबा मालवणातून येऊन लालबागच्या गिरणीत लागले. कापसाच्या धुळीने त्यांची छाती अशीच गेली. गावाला मनीऑर्डर आणि वर्षातून गणपतीला एक फेरी. भरपाई वगैरे शब्द तेव्हा कोणी ऐकलाही नव्हता. तुमच्या न्तातेंना ती मिळो.

टँकरग्रस्त

पाणी नळावरून बादलीने आणायचं लिहिलंय. लेसोथो तर पाणी विकतो ना दक्षिण आफ्रिकेला?

कोयनाकाठ

विकतो. १९८६ साली करार झाला, त्यातून कात्से धरण बांधलं, १८५ मीटर उंच. तिथून बोगद्यांतून पाणी जोहान्सबर्गच्या बाजूला जातं. देशाला त्याचे पैसे मिळतात आणि वीजही होते. पण आमच्या गावचा नळ आठवड्यातून दोनदा कोरडा. मी पाटण तालुक्यातली आहे, त्यामुळे धरणाखालच्या गावांची ही कथा मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

टँकरग्रस्त

आणि मी शहापूरचा. भातसा, तानसा, वैतरणा सगळं आमच्या उशाला, पाणी मुंबईला, आणि मार्च लागला की आमच्या पाड्यांवर टँकर. नाव उगाच नाही घेतलंय.

डॉ_रानवाट

मला एका गोष्टीवर भांडायचंय. अंगणात कणसं सोलणारी बाई. तिला एचआयव्ही आहे हे तुला माहीत, आणि तू तिच्या शेजारणीच्या घरी राहतेस. माझ्या मते विद्यार्थ्याला ज्या केंद्रात ठेवायचं त्या गावात राहायला ठेवूच नये. उद्या म्मेने सहज विचारलं, ‘अमकी आज दवाखान्यात आली होती का गं?’ तर तुझा चेहराच बोलणार. विशीतल्या मुलीकडून तेवढ्या मुखवट्याची अपेक्षा करणं चूक आहे, आणि तो धोका त्या बाईने पत्करायचा, तिला न विचारता.

कोयनाकाठ

म्मेने असं विचारलं. पहिल्याच आठवड्यात. मी म्हटलं, ‘मला नावं लक्षात राहात नाहीत, सगळी सारखीच वाटतात.’ ती खूप हसली आणि पुढे मी त्या गावात ‘नावं विसरणारी पोरगी’ म्हणूनच प्रसिद्ध झाले. ते सोंग शेवटपर्यंत चालवलं. दुकानदाराचं नावसुद्धा मुद्दाम चुकवायचे.

गाव अंधारात नव्हतं, हेही सांगते. मी आल्यावर गावच्या प्रमुखाने पित्सो, म्हणजे गावसभा, बोलावली. तिथे मुख्य नर्सने सगळ्यांदेखत सांगितलं की ही मुलगी नोंदींचं काम करणार, पुस्तकं हिच्यासमोर उघडी असणार. ज्यांना मी नको होते त्यांची नावं तिने माझ्या टेबलापर्यंत येऊच दिली नाहीत, ती पानं तिने स्वतः केली. मला हे बरंच उशिरा कळलं.

पण ताई, तुमचा मुद्दा पुरता खोडता येत नाही. शेजारच्या गावात राहिले असते तर ही जोखीम राहिली नसती. आणि वारांचा तक्ताही झाला नसता.

डॉ_रानवाट

झाला असता. आरोग्यसेविकांना विचारून. त्या तिथल्याच आहेत, त्यांना मयत, पेन्शन, गुराखी सगळं ठाऊक असतं. आपल्या आशांना विचारलं तर गावातली कुठली सून कधी माहेरी जाणार तेही सांगतात. ‘लिहून कोणी दिलं नव्हतं’ म्हणाली ना ती नर्स? त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, असं आहे ते.

कोयनाकाठ

हे मान्य. तक्त्यातलं अर्धं मला आरोग्यसेविकांनीच सांगितलंय, वर लिहायला हवं होतं. त्यांना महिन्याला मिळणारं मानधनही तुटपुंजं आणि तेही उशिरा.

काळजीवाहू_आई

नमस्कार. माझी मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला बोत्सवानात अशीच संधी आलीय. रात्रीची झोप उडालीय माझी. टीबी होईल का? सुई लागली तर? एकटी मुलगी, लोक कसे आहेत? आणि ती एजन्सी भरपूर पैसे मागतेय, ते योग्य का?

कोयनाकाठ

काकू, एकेक करून सांगते.

टीबीची भीती खरी आहे, पण उपाय साधे आहेत. एन-९५ मास्क घेऊन जा आणि बाकांवर बसतानाही लावा, फक्त तपासणीच्या खोलीत नाही. खिडक्या उघड्या हव्यात. आमच्याकडे बाहेर पाणी गोठलेलं असलं तरी मुख्य नर्स सकाळी येऊन एकेक खिडकी सताड उघडायची, पेशंट कुरकुरायचे, कोणी हळूच लावून घेतली की पुन्हा उघडायची. थुंकीचा नमुना आवारात, उघड्यावर द्यायला लावायची.

सुई लागली तर ताबडतोब धुऊन लगेच सांगायचं. एचआयव्ही-प्रतिबंधाची औषधं जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत सुरू करावीच लागतात आणि २८ दिवस घ्यायची. ती औषधं केंद्रात आहेत का, हे जाण्याआधी विचारून ठेवा. हेपटायटिस-बीची लस झालेली असेलच.

पिवळ्या तापाचा घोळ बऱ्याच जणांना माहीत नसतो. बोत्सवाना, लेसोथो, दक्षिण आफ्रिका इथे तो ताप नाही, पण विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर दाखला जवळ असलेला बरा. मध्ये जास्त वेळ थांबावं लागलं तर विचारतात, आणि परत येताना आपल्याकडेही विचारू शकतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. वाटेत दक्षिण आफ्रिकेत उतरून रस्त्याने जाणार असेल तर तिथला व्हिसा वेगळा, आणि सुटीत परत फिरायला जायचा बेत असेल तर अनेक प्रवेशांचा.

बोत्सवानात उत्तरेला ओकावांगो-चोबेच्या बाजूला मलेरिया आहे, गॅबरोनीत नाही. तेव्हा कुठला जिल्हा ते विचारा.

लोक चांगले आहेत. अंधार पडल्यावर एकटं फिरायचं नाही हे मला तिथल्याच बायकांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि मी ऐकलं. दारू वाहणारी ठिकाणं टाळायची. आमच्या गावात घरगुती ज्वारीची बिअर तयार झाली की दारावर पांढरं फडकं लागायचं, त्या वाटेने शनिवारी संध्याकाळी जायचं नाही, एवढं सोपं.

औषधवाला

प्लगचं सांगा. लोक नेहमी विसरतात.

कोयनाकाठ

हो! आपल्या गिझरला असतो तो जाड तीन पिनांचा प्लग तिथे चालतो. मी घरूनच त्या पिनांची एक एक्स्टेंशन बोर्ड नेली होती. घरात वीज एकाच खोलीत, म्हणून पॉवर बँकही. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, तेव्हा काकू, रात्री अकराला फोन केलात तर तिच्याकडे संध्याकाळच असेल.

काळजीवाहू_आई

खूप आभार गं बाळा. आणि पैशांचं?

कोयनाकाठ

मधल्या संस्थेने माझ्याकडून राहण्या-जेवणाचे म्हणून जे घेतले, त्यातले हातात किती पडले ते मी म्मेलाच विचारलं. एक तृतीयांशही नव्हते. मी विद्यापीठाला लेखी कळवलं. पुढच्या तुकडीपासून कुटुंबाला थेट पैसे द्यायचं चाललंय असं ऐकते, झालं की खरं. तुम्ही एजन्सीला तीन गोष्टी लेखी विचारा: यजमान कुटुंबाला किती, केंद्राला किती, आणि मुलगी आजारी पडली तर कोणत्या रुग्णालयात कोण नेणार.

निवृत्त_बाबू

चौथी माझ्याकडून: परत यायचं झालं तर पैसे किती कापणार. चाळीस वर्षं टेंडरं वाचलीत, खरी मेख शेवटच्या पानावर असते.

डॉ_रानवाट

आणि पाचवी. मुलीने काय काय करायचं आणि काय करायचं नाही याची यादी, तिच्या कॉलेजची आणि त्या केंद्राच्या मुख्य नर्सची सही असलेली. एजन्सीची सही चालणार नाही. आपल्याकडे तिला जे एकटीने करू देत नाहीत, ते तिथेही एकटीने नाही. अशी यादी द्यायला जे तयार नसतील त्यांना एक पैसाही भरू नका.

काळजीवाहू_आई

यादी कशी असते? नमुना मिळेल का?

कोयनाकाठ

माझी व्यनिने पाठवलीय काकू. नावं काढून टाकलीत. तिच्यात इंजेक्शनचा रकाना कोरा आहे, तो तुमच्या मुलीच्या कॉलेजकडून भरून घ्या. मी नर्सिंगची नाही.